ऑटोकॉकरला हिंज फ्रेम बसवताय? फ्रेम सोपी आहे, टायमिंगला वेळ ठेवा

इकडे अमेरिकेत वीकेंडला पेंटबॉल खेळणारी आपली बरीच मंडळी आहेत, त्यातले बहुतेक रेंटलवर सुरू करतात, मग स्वतःचा मार्कर (पेंटबॉलची बंदूक) घेतात, आणि कधीतरी कुणाच्या तरी गराजमधून जुना ऑटोकॉकर स्वस्तात हाती लागतो. तो वाजवला की पहिलं मनात येतं ते म्हणजे ट्रिगर किती लांब आणि जड आहे राव. मग शोधाशोध, आणि सगळे सांगतात हिंज फ्रेम टाक, म्हणजे मूठ आणि झुलता ट्रिगर असलेला खालचा भाग. बरोबर आहे, टाका, पण फ्रेम बदलणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे, चार स्क्रूंचा खेळ. खरा वेळ खातं ते नंतरचं टायमिंग, म्हणजे ट्रिगर कुठे आला की काय व्हायचं ते जुळवणं, आणि ते कुठल्या क्रमाने करायचं हे नीट कुणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी थोडं मशीन समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. ऑटोकॉकर हा बड ऑर यांच्या वर्र गेम प्रॉडक्ट्सचा, मुळात त्यांच्या स्नायपर या पंप मार्करवर बेतलेला. पंपमध्ये तुम्ही हाताने मागेपुढे करायचात ते काम इथे हवा करते, आणि त्यासाठी समोरच्या बाजूला ते सगळं लटांबर असतं: एक छोटा रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करणारा) ज्याला एलपीआर म्हणतात, एक रॅम म्हणजे छोटं सिलिंडर, आणि एक थ्री-वे व्हॉल्व्ह जो हवा रॅमच्या पुढच्या बाजूला द्यायची का मागच्या हे ठरवतो. ट्रिगर एकच, पण तो दोन कामं करतो. थोडा दाबला की सीअर (हॅमरला अडवून धरणारी तरफ) खाली झुकतो, हॅमर सुटतो, व्हॉल्व्हवर आपटतो आणि बॉल जातो. तोच ट्रिगर अजून मागे नेला की एक लांब सळई, तिला टायमिंग रॉड म्हणायचं, थ्री-वेची दांडी मागे ओढते, रॅम फिरतो, मागचा ब्लॉक मागे जातो, बोल्ट (बॉल बॅरलमध्ये ढकलणारा दांडा) उघडतो, कॉकिंग रॉड हॅमरला परत सीअरवर नेऊन अडकवतो आणि हॉपरमधून, म्हणजे वरच्या बॉलच्या डब्यातून, नवा बॉल खाली पडतो. ट्रिगर सोडला की ब्लॉक पुढे, बोल्ट बंद, परत तयार. म्हणजे आधी फायर, मग कॉक, हा क्रम कायम राहिला पाहिजे. क्रम उलटला की बोल्ट उघडा असताना हवा सुटते आणि हॉपरच्या मानेतून बॉल वर उडतो.

जुन्या ऑटोकॉकरच्या स्टॉक, म्हणजे मूळच्या फ्रेममध्ये ट्रिगर सरळ रेषेत मागेपुढे सरकतो, पट्टीवर (म्हणून तिला स्लाइड म्हणतात). हिंज फ्रेममध्ये तो वरच्या पिनवर झुलतो. झुलत्या ट्रिगरला तरफेचा फायदा मिळतो म्हणून बोटाला हलका लागतो, आणि बऱ्याच हिंज फ्रेममध्ये पुढचामागचा फुकट प्रवास कमी करायला छोटे सेट स्क्रू असतात. तोटा म्हणजे ट्रिगरची रॉड अडकवायची जागा गोलाईत फिरते आणि रॉडला मात्र सरळ जायचंय, त्यामुळे रॉड जरा वाकडा असेल किंवा थ्री-वे तिरका बसला असेल तर लगेच घासायला लागतो. स्लाइडला या गोष्टी खपून जातात, हिंजला नाही.

पैसे टाकण्याआधी एक गोष्ट करून बघाच. ट्रिगर जड लागतो तेव्हा बरेचदा दोष फ्रेमचा नसतोच, थ्री-वेच्या कोरड्या पडलेल्या ओ-रिंगांचा असतो. हवा काढून रॉड थ्री-वेपासून सोडवा आणि थ्री-वेची दांडी बोटाने मागेपुढे करून बघा. अडखळत असेल तर बाहेर काढून पुसा, ओ-रिंग चिरल्यात का बघा, पेंटबॉलचं ग्रीस अगदी किंचित लावा आणि परत जोडा. कधीकधी एवढ्यानेच माणूस खूष होतो आणि फ्रेमचे पैसे वाचतात. घरातलं तीन-इन-वन तेल किंवा डब्ल्यूडी-४० थ्री-वेत घालू नका, रबर फुगू शकतं आणि मग दांडी अजूनच अडकते.

काय काय लागेल: फ्रेम तर झालीच. सीअर, सीअरची स्प्रिंग आणि पिना फ्रेमबरोबर येतात का ते विकणाऱ्याला आधी विचारा, कारण कित्येक सेकंडहँड फ्रेम नुसत्या सांगाड्यासारख्या विकतात. येत नसतील तर जुन्या फ्रेमचा सीअर बसतो का हेही तेव्हाच विचारून टाका. तुमची बॉडी कुठल्या काळातली आहे ते फोटो पाठवून दाखवा, ऑटोकॉकरच्या बॉड्या वेळोवेळी बदलल्यात. अ‍ॅलन की इंचाच्या मापाच्या घ्या. हे मशीन अमेरिकन, सगळे आटे इंची, आणि मिलिमीटरवाली की "जवळपास बसतेय की" म्हणून फिरवली की छोट्या स्क्रूचं डोकं गोल झालंच समजा, मग काढत बसा ड्रिलने. निळा थ्रेडलॉकर, लाल नको, लाल लावलात तर परत काढायला गरम करावं लागतं. शक्य असेल तर अ‍ॅडजस्टेबल टायमिंग रॉड घेऊन ठेवा, स्वस्त असतो आणि पुढचा निम्मा त्रास वाचवतो. एक पांढरा टॉवेल टेबलावर अंथरा कारण सीअरची स्प्रिंग काळ्या टेबलावर पडली की दिसत नाही, गालिच्यावर पडली तर विसरा.

आता सुरुवात. टाकी काढा. टाकी काढली म्हणजे हवा गेली असं नसतं, नळीत आणि रेग्युलेटरमध्ये उरलेली असते, तर बॅरल सॉक (बॅरलच्या तोंडाला घालायची सुरक्षेची पिशवी) लावून, डोळ्यावर गॉगल घालून, सुरक्षित दिशेला तोंड करून ट्रिगर दाबत राहा, ब्लॉक हलायचा थांबेपर्यंत. हॉपर काढा, बोल्टच्या वरच्या भोकात बॉल अडकलाय का डोकावून बघा. आणि हॅमर कॉक झालेला ठेवू नका. फ्रेम उतरवताना सीअर हॅमरपासून दूर जातो, हॅमर कॉक असेल तर तो त्याच क्षणी स्प्रिंगच्या जोरावर पुढे आपटणार आणि तुमचं बोट जवळ असेल तर ते शिव्या घालेल.

मग नळी. ऑटोकॉकरला टाकी जिथे लागते तो एएसए बहुतेक वेळा ग्रिपच्या तळाशी दोन स्क्रूंनी असतो आणि तिथून नळी मुख्य रेग्युलेटरकडे जाते. नळी सोडवल्याशिवाय फ्रेम मोकळी होत नाही. मॅक्रोलाइन (प्लास्टिकची नळी) असेल तर फिटिंगची कॉलर दाबून नळी ओढली की निघते, स्टीलची वेणीवाली असेल तर पाना लागेल. समोरच्या एलपीआर, रॅम, थ्री-वेच्या त्या बारीक नळ्यांना मात्र हात लावू नका, त्या तशाच राहू द्या, फ्रेम बदलायला त्यांचं काही काढावं लागत नाही, आणि एकदा काढल्या की कुठली कुठे होती यात गोंधळ ठरलेला. तरीही मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा, फुकट असतो.

आता थ्री-वेच्या टोकाला रॉड जिथे जोडलाय तिथे एक बारीक कॉलर आणि त्यात त्याहून बारीक सेट स्क्रू दिसेल. तो ढिला करा, काढू नका, नुसता ढिला, म्हणजे रॉड आत सरकायला मोकळा होतो. मग फ्रेम बॉडीला धरणारे दोन स्क्रू, एक पुढे, एक मागे. मागचा आधी, पुढचा नंतर, आणि शेवटचा निघताना फ्रेम हाताने बॉडीला दाबून धरा. फ्रेम हळूच खाली ओढा. रॉडचं वाकवलेलं टोक ट्रिगरच्या भोकात अडकलेलं असतं, ते हलकेच बाजूला करून सोडवा, उपसू नका, रॉड वाकला तर नवीनच घ्यावा लागेल. फ्रेम हातात आली की बॉडीच्या खालच्या खाचेतून एक छोटा खुंटा बाहेर डोकावताना दिसेल, तो हॅमरचा लग. हाच सीअरवर अडकतो. त्याच्याकडे नीट बघून घ्या, पुढचा सगळा खेळ त्याचा आहे.

नव्या फ्रेममध्ये सीअर बसवताना जुन्याकडे बघत बघत बसवा, दिशा उलटी होते. सीअरचं जे टोक लगला अडवतं त्याच्या कडेवर बोट फिरवा, खरखर लागली तर तो भाग बारीक एमरी पेपरने नुसता चकचकीत करा, कोन बदलायचा नाही, धार गोल करायची नाही. इथे लोकांना फार हौस येते, फाइल घेऊन बसतात, "अजून हलका करू" म्हणून, आणि मग सीअर लगला धरतच नाही. एवढं करायची गरज नाही. सीअरच्या स्पर्शाच्या जागी ग्रीसचा ठिपका, पिनवर थोडं, बाकी कुठे नाही. बोटाने सीअर खाली दाबा, सोडला की ताबडतोब वर यायला हवा. आळशीपणा करत असेल तर स्प्रिंग नीट बसलेली नाही.

बसवताना फ्रेमचे ट्रिगर स्क्रू सगळे मागे घेऊन ठेवा, म्हणजे ट्रिगरला सगळा प्रवास मिळू दे. रॉडचं टोक ट्रिगरच्या भोकात घालून फ्रेम वर न्या, या क्षणी तिसरा हात हवा असं वाटतं, घरात कुणी असेल तर बोलवा आणि मार्कर उलटा धरायला लावा. स्क्रू हाताने आटे पकडेपर्यंत फिरवा, मगच की. करकचून आवळू नका, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे गेले तर दुरुस्तीचा खर्च बसतो. थ्रेडलॉकर अजून नको, टायमिंग झाल्यावर.

टायमिंगचा क्रम: आधी लग, मग रॉड, शेवटी ट्रिगरचे स्क्रू. उलट केलंत तर गोल गोल फिरत राहाल, कारण लग हलवला की फायर व्हायची जागा हलते आणि रॉडचं सगळं गणित त्या जागेवर ठरतं.

लग ठरवतो की ट्रिगर किती दाबल्यावर हॅमर सुटणार. बोल्टची पिन वर ओढून बोल्ट मागून बाहेर काढा, वरच्या नळीच्या तळाला एक भोक दिसेल, त्यातून अ‍ॅलन की घालून लग फिरवता येतो. की बसत नसेल तर कॉकिंग रॉडने हॅमर थोडा मागेपुढे करत लग बरोबर भोकाखाली आणा. तुमच्या बॉडीला हे भोकच नसेल तर दर वेळी फ्रेम उतरवावी लागेल, ते एक जिवावर येणारं काम आहे पण इलाज नाही. वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की लग खाली जातो, सीअरला जास्त पकड मिळते, हॅमर उशिरा सुटतो. उलट फिरवलं की लग वर, पकड कमी, लवकर सुटतो. पाव पाव फेरा करत जा, त्याहून जास्त एका वेळी नाही. आधी हवा न लावता बघा: कॉकिंग रॉड हाताने मागे ओढून हॅमर अडकवा, ट्रिगर हळू दाबा, टक् आवाज कुठे येतो ते बोटाला कळतं. ट्रिगरच्या एकूण प्रवासाच्या पहिल्या अर्ध्यात यायला पाहिजे. मग परत कॉक करा आणि तळहाताने फ्रेमवर बाजूने, मागून, खालून चांगल्या थापा मारा. हॅमर सुटला तर पकड कमी आहे, लग खाली घ्या. यात तडजोड नको, थाप मारल्यावर सुटणारा मार्कर फील्डवर नेण्याच्या लायकीचा नाही, कितीही हलका लागला तरी.

लग झाला की रॉड. कॉलरमध्ये रॉड कमी आत ठेवला की तो लांब होतो, जास्त आत सरकवला की आखूड. रॉड लांब केला की थ्री-वे उशिरा फिरतो, आखूड केला की लवकर, सायकलच्या ब्रेकची वायर जशी ढिली-ताठ करतो तसंच. बोल्ट परत घालून पिन लावा, सॉक आणि गॉगल आहेतच, हॉपर नाही, टाकी लावा. कॉलरचा सेट स्क्रू नुसता टेकवलेला. ट्रिगर अगदी हळू, मुंगीच्या पावलाने दाबत जा. आधी फायर व्हायला हवं, मग किंचित अंतर, मग ब्लॉक झपकन मागे. ब्लॉक मागे गेला की ट्रिगर अजून थोडा मागे जायला जागा हवी, अगदी शेवटच्या केसाएवढ्या अंतरावर थ्री-वे फिरत असेल तर खेळताना घाईत ते टोक गाठलं जात नाही आणि मार्कर कॉकच होत नाही. मग आता ट्रिगर हळू सोडा, ब्लॉक पुढे जाऊन पूर्ण बंद झाला पाहिजे, अर्धवट लटकला नाही पाहिजे.

काय बिघडलंय ते कसं ओळखायचं. ब्लॉक फायरच्या आधी मागे जातो, म्हणजे रॉड आखूड आहे, थोडा लांब करा, किंवा लग फार खाली गेलाय. फायर होतो पण ब्लॉक हलतच नाही, म्हणजे थ्री-वेपर्यंत ओढ पोचत नाही, रॉड आखूड करा. ब्लॉक पूर्ण मागे जातो तरी हॅमर अडकत नाही, तर रॉडला हात लावू नका, इथे दोष लगचा किंवा कॉकिंग रॉडच्या लांबीचा असतो, हॅमर सीअरच्या मागेपर्यंत ओढलाच जात नाहीये किंवा पकड नाहीये. एलपीआरचा दाब फार कमी असेल तर ब्लॉक मरगळल्यासारखा मागे जातो आणि मध्येच थांबतो, तेव्हा दाब थोडा वाढवा, पण दाब वाढवून टायमिंगची चूक झाकायला जाऊ नका, जास्त दाबाने बोल्ट अर्धा पडलेला बॉल सरळ चिरडतो. ट्रिगर सोडलेला असताना थ्री-वेतून फुसफुस येत असेल तर दांडी पूर्ण पुढे जात नाहीये, रॉड जरा लांब करा, तरी थांबलं नाही तर ओ-रिंग. ट्रिगर मुद्दाम अर्ध्यात धरून ठेवला तर फुसफुस येतेच, त्याने घाबरू नका, ते असंच असतं.

हे जमलं की मगच ट्रिगरचे सेट स्क्रू. कुठला स्क्रू पुढचा मोकळा प्रवास कापतो आणि कुठला मागचा हे फ्रेमगणिक वेगळं असतं, अर्धा फेरा देऊन बघा, कळतं. पुढचा स्क्रू फार आत नेलात तर ट्रिगर विश्रांतीतच थोडा दाबलेला राहतो, मग सीअर नीट वर येत नाही किंवा थ्री-वे गळायला लागतो. मागचा फार आत नेलात तर ब्लॉक फिरायच्या आधीच ट्रिगर थांबतो. दोन्हीकडे थोडी हवा ठेवा. टेबलावर अगदी माउसच्या क्लिकसारखा ट्रिगर करायचा मोह होतो, पण फील्डवर तुम्ही धावत असता, हातात ग्लोव्ह असतो, आणि इतका आखूड ट्रिगर असला की पूर्ण न सोडताच परत दाबला जातो, मग शॉर्ट स्ट्रोक होतो आणि बोल्टखाली बॉल फुटतो. एकदा आत रंग सांडला की ती पूर्ण दुपार साफसफाईत. माझं मत विचाराल तर स्टॉकपेक्षा निम्मा प्रवास पुष्कळ झाला.

ट्रिगरची स्प्रिंग हलकी टाकायची आयडिया पण कुणीतरी देईलच. ट्रिगर परत पुढे येताना थ्री-वेची दांडी पण त्याच स्प्रिंगने पुढे ढकलली जाते हे लक्षात ठेवा, फार हलकी स्प्रिंग टाकलीत तर बोट उचललं तरी ट्रिगर मागेच राहतो. थ्री-वे स्वच्छ ठेवा, त्याने जो हलकेपणा येतो तो टिकतो.

आता कॉलरचा सेट स्क्रू, फ्रेमचे दोन आणि ट्रिगरचे, एकेक करून निळा थ्रेडलॉकर, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच. एक एक काढून लावा, सगळे एकदम काढले की टायमिंग गेलं. ट्रिगरच्या स्क्रूंना लावताना थेंब पिनवर ओघळू देऊ नका, ट्रिगरच चिकटून बसेल. रात्रभर तसाच ठेवा.

दुसऱ्या दिवशी फील्डवर गेल्यावर आधी क्रोनो, म्हणजे बॉलचा वेग मोजायचा. इथल्या बऱ्याच फील्डवर मर्यादा २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असते, बोर्डवर लिहिलेली असते. फ्रेम बदलल्याने वेग वाढत नाही, पण बोल्ट काढला-घातलाय, रेग्युलेटरची नळी सोडली-जोडलीय, तर मोजल्याशिवाय आत जायचं नाही. पहिले दोन-तीन पॉड (बॉल भरून न्यायची नळकांडी) हळू मारा, मग वेग वाढवा. अ‍ॅलन कीचा जुडगा खिशात असू द्या, नवी फ्रेम पहिल्या दिवशी थोडी बसते आणि टायमिंग जरा परत जुळवावं लागू शकतं.

इलेक्ट्रॉनिक फ्रेमबद्दल विचारणार असाल तर ते वेगळं प्रकरण आहे. प्लॅनेट एक्लिप्सच्या ई-ब्लेडसारख्या सेटमध्ये टायमिंग रॉड नसतोच, थ्री-वेच्या जागी सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) येतो आणि फायर-कॉकचा क्रम सर्किट बोर्डवर मिलिसेकंदात ठरतो. चांगला असला तर मस्त चालतो, पण जुने बोर्ड आता मिळायला त्रास, आणि मिळाला तरी आत बॅटरी गळलेली असू शकते, तेव्हा उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.